सहारातलं निवडुंग

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं पत्र आलं आणि भूगोलाच्या सरांखेरीज काही सुचेना. शाळेबद्दल बाकीचे लिहितीलच.

नैसर्गिक प्रदेशांच्या नकाशावरची चिन्हं मुलांनीच ठरवायची, हा सरांचा हट्ट. सहारावर कोणीतरी फड्या निवडुंग काढलं. सरांनी खोडरबर पुढे केला. हे झाड मूळचं अमेरिकेचं! मग वाळूचे ठिपके भरले, तेही पुसायला लावले, कारण सहाराचा जेमतेम पाव भाग वाळूचा, बाकी खडक नि दगडगोटे. वाळवंटाची खरी ओळख म्हणजे वर्षाला २५ सेंटिमीटरच्या आतला पाऊस. त्यासाठी विरळ आडव्या रेषा पुरतात.

तैगाला, म्हणजे उत्तरेकडच्या थंड जंगलांना, निमुळता त्रिकोण, सूचिपर्णी झाडासारखा. विषुववृत्तीय वनांत शेंड्याला शेंडा भिडतो, म्हणून वर्तुळं एकमेकांत घुसलेली. सुदान प्रदेशात, म्हणजे उष्ण गवताळ पट्ट्यात, गवताच्या काड्या आणि मध्येच सपाट माथ्याचं झाड. टुंड्रात, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या गोठलेल्या पट्ट्यात, झाड नाही, आणि पेंग्विन तर नाहीच नाही. तो दक्षिण गोलार्धातला.

सगळ्यांना छळलं ते भूमध्य सागरी प्रदेशाने. पाऊस मोसमी प्रदेशातही पडतो आणि इथेही, फरक ऋतूचा. पावसाचे थेंब काढून तो कळणार कसा? सरांनी लहान वर्तुळ उभं दुभागलं: डावीकडे हिवाळा, उजवीकडे उन्हाळा (आपला पावसाळा त्यातच धरायचा), पावसाची बाजू काळी. भूमध्य सागरी प्रदेशाची डावी बाजू काळी झाली, मोसमीची उजवी. महिन्यांची नावं मात्र घालायची नाहीत, दक्षिण गोलार्धात ती उलटतात. वर्तुळाच्या आकारानं पावसाचं प्रमाण दाखवायचं, तर चौपट पावसाला त्रिज्या दुप्पटच घ्यायची. चौपट घेतली की क्षेत्रफळ सोळापट होऊन बसतं.

रंग सगळ्यात शेवटी. तांबडा-हिरवा शेजारी नको, कित्येकांना त्यांतला फरकच दिसत नाही. नकाशा छापताना निम्मा होणार असेल, तर ०.२ मिलिमीटरची रेघ हवी तिथे ०.४ची काढायची आणि ठिपक्यांत जागा जास्त सोडायची, नाहीतर त्यांचा डाग होतो. सीमेवर जाड रेघ पाहिली की सर चिडत. गवत एका पावलात संपून वाळवंट लागत नाही. काड्या हळूहळू विरळ करत न्यायच्या.

आता संगणकात आयती चिन्हं मिळतात, आणि वाळवंट म्हटलं की पुन्हा तेच निवडुंग. तैगा असो की विषुववृत्त, एकच गोलमटोल हिरवं झाड. सूचीत त्याच्यापुढे नुसतं 'वने'.