धायाच्या पायऱ्या चढताना रेडी आठवली

संयुक्त अरब अमिरातीतलं रास अल खैमा शहर मागे टाकून उत्तरेला गेलं की रम्स नावाचं मच्छीमारांचं गाव लागतं. तिथून जरा आत, खजुराच्या बागांमागे एका टेकडीच्या टोकावर धायाचा किल्ला बसला आहे. मातीच्या विटांचे दोन बुरूज आणि त्यांना जोडणारा तट, एवढाच त्याचा पसारा. शारजात राहणारा माझा भाचा म्हणाला, "मामा, एवढ्या लांब येऊन हा किल्ला कशाला? बुर्ज खलिफा बघायचा सोडून?" पायऱ्या चढता चढता मी त्याला सांगायला लागलो आणि वर पोहोचेपर्यंत माझं संपलं नव्हतं.

आमचं घर शिरोड्याचं. लहानपणी सायकली घेऊन आम्ही रेडीच्या यशवंतगडावर जायचो. जांभ्याचा तट, त्यात शिरलेली वडाची मुळं, पावसाळ्यात कमरेएवढं रान. फेब्रुवारी १८१९ मध्ये इंग्रजांनी तो सावंतवाडीकरांकडून जिंकून घेतला. फौजेचा सेनापती होता मेजर जनरल सर विल्यम ग्रँट कीर. तिथून तो कच्छमध्ये भुजवर गेला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो इथं, या धायाच्या पायथ्याशी तोफा घेऊन उभा होता. पेशवाई बुडून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, एल्फिन्स्टन नुकताच मुंबईचा गव्हर्नर झाला होता आणि त्याच्या पहिल्या आठवड्यातच हे आरमार मुंबई बंदरातून निघालं. कोकण, कच्छ आणि इराणी आखात मुंबईतल्या एकाच कचेरीच्या नकाशावर होतं, हे मला इथं उभं राहिल्यावर कळलं. वाचून कळलं नव्हतं.

वरून सगळं दिसतं. मागे हजर पर्वताच्या उघड्या राखाडी भिंती, समोर खजुराचा हिरवा पट्टा, त्यापुढे खारफुटी आणि मग समुद्र. आधी इथल्या कासिमी अरबांचं रास अल खैमा पडलं होतं. मग फौज रम्सला उतरली. धायावर चार दिवस लढाई चालली. जमिनीवरच्या हलक्या तोफांनी काही होईना, तेव्हा 'लिव्हरपूल' या युद्धनौकेवरच्या चोवीस पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा उतरवून चिखलातून, बागांतून तीन मैल ओढत आणल्या. त्या सुरू झाल्यावर दोन तासांत तट कोसळला. २२ डिसेंबरला किल्ल्यातून सुमारे चारशे लढणारे खाली उतरले आणि त्यांच्याबरोबर जवळजवळ तितकीच बायका-मुलं. आज पूर्ण किल्ला आमचा दहा मिनिटांत फिरून झाला. आठशे माणसं इथं चार दिवस कशी राहिली असतील, पाणी किती असेल, याच विचारात मी बराच वेळ तटाच्या सावलीत बसलो. भाचाही मग गप्प बसला होता.

तोफा ओढणाऱ्या आणि आधीच्या किल्ल्यांवर चालून गेलेल्या या फौजेत गोऱ्यांच्या पलटणींबरोबर बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीही होती. मुंबईच्या सैन्यात तेव्हा कोकणातल्या माणसांची भरती मोठी होती. म्हणजे रेडीचा किल्ला ज्यांच्या डोळ्यांदेखत पडला, त्यांच्याच मुलखातले शिपाई इथं आले असणार. इथल्या शेखांशी तह झाल्यावर यातली एक तुकडी मागे ठेवली गेली, आणि १८२० च्या नोव्हेंबरात ओमानमध्ये बनी बू अली टोळीवरच्या चढाईत तिची दाणादाण उडाली. त्या शिपायांसाठी एखादा दगडही मला या वाटेवर दिसला नाही. याचं मला खरंच वाईट वाटलं.

या किनाऱ्याचं नाव इंग्रजी नकाशांवर 'चाच्यांचा किनारा' असं होतं. हा शब्द आपल्याला नवा नाही. कान्होजी आंग्रे दस्तक, म्हणजे समुद्रावर फिरायचा परवाना, द्यायचे. ज्याच्याकडे दस्तक नाही त्याचं गलबत धरायचे. हा त्यांचा राज्याचा हक्क होता, आणि इंग्रज त्यांना चाचा म्हणायचे. १८१२ मध्ये वेंगुर्ला बंदर सावंतवाडीकरांकडून घेतलं तेही चाचेगिरी मोडायची म्हणून. होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेले कासिमीही जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांकडून कर मागत. शारजाचे सध्याचे शासक शेख सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी याच विषयावर एक्सेटर विद्यापीठात डॉक्टरेट केली. चाचेगिरीचा आरोप हा व्यापार ताब्यात घेण्यासाठी कंपनीने उभा केला, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यासाठी त्यांनी मुंबईचंच दप्तर धुंडाळलं. सगळाच आरोप खोटा होता असं मला वाटत नाही. जहाजं लुटली जात होती, माणसं मारली जात होती. पण समुद्रावर कागद देण्याचा हक्क कोणाचा, हा खरा झगडा होता आणि त्यात दोन्ही किनारे हरले.

हे माझं मत जानेवारी १८२० च्या तहावरून झालं आहे. त्याचा अरबी मसुदा कॅप्टन थॉम्पसन या अरबी जाणणाऱ्या अधिकाऱ्याने केला. पाचवं कलम मला जवळजवळ पाठ आहे. प्रत्येक गलबताकडे शेखाच्या सहीचा दाखला हवा. त्यात गलबताचं नाव, लांबी, रुंदी, माल किती मावतो. शिवाय दुसरा कागद: मालक कोण, नाखुदा कोण, माणसं किती, हत्यारं किती, कुठून निघालं, कधी निघालं, कुठे चाललं. नाखुदा म्हणजे आपला नाखवा. कान्होजींचं दस्तक आणि हा कागद यांत मला फार फरक दिसत नाही, फक्त आता तो तपासणारी नौका इंग्रजांची होती. मुंबई सरकारला मात्र हा तहही फार सौम्य वाटला.

परतीच्या वाटेवर सरकारी इमारतींवर रास अल खैमाचा झेंडा दिसत होता. पांढरी चौकट, आत लाल. हा झेंडा त्याच तहाच्या तिसऱ्या कलमातून आला. मित्र झालेल्या अरबांनी हाच लावायचा, दुसरा नाही. शारजाचा झेंडाही तोच. हरल्यावर हातात दिलेली निशाणी दोनशे वर्षांत यांची स्वतःची झाली आहे, आणि ती वाऱ्यावर सुंदर दिसते.

पुढची गोष्ट तोफांची कमी आणि कागदांची जास्त. १८३५ पासून मोत्यांच्या हंगामापुरता समुद्रावर लढाई बंद ठेवायचा करार व्हायला लागला, १८५३ मध्ये तो कायमचा झाला. १८९२ च्या करारात शेखांनी कबूल केलं की इंग्रजांशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी पत्रव्यवहार करणार नाही, जमीन देणार नाही, गहाण टाकणार नाही. एवढ्या मोठ्या किनाऱ्याचा कारभार इराणमध्ये बुशहरला बसलेला रेसिडेंट आणि शारजातला एक स्थानिक एजंट बघत. गोरा अधिकारी इथं कायम नसे. रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारला उत्तर द्यायचा, पुढे हिंदुस्थान सरकारला. १९०३ मध्ये लॉर्ड कर्झनने शारजासमोर समुद्रात 'आर्गोनॉट' युद्धनौकेवर दरबार भरवला, शेखांना होडीतून तिथं यावं लागलं.

शारजात अल महत्ता म्युझियम बघितलं. १९३२ मध्ये इम्पीरियल एअरवेज या इंग्रज कंपनीच्या विमानांसाठी बांधलेला हा किल्लेवजा विमानतळ, आत प्रवाशांची उतरण्याची सोय. समोरचा किंग अब्दुल अझीझ रस्ता म्हणजे जुनी धावपट्टी. विमानतळाचं भाडं रुपयांत ठरलं होतं, कारण इथलं चलनच रुपया. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, क्रमांकाआधी झेड अक्षर असलेल्या नोटा काढल्या आणि १९६६ च्या रुपयाच्या अवमूल्यनानंतर या राज्यांनी रुपया सोडला.

संध्याकाळी शारजाच्या खाडीवर गेलो. धक्क्याला लाकडी वहाणं, म्हणजे मोठी गलबतं, लागली होती, टायर, तांदूळ, फ्रिज भरत होते. एका वहाणावर कच्छकडचे खलाशी होते. त्यांच्या नाखुद्याने हिंदीत विचारलं, "कहां से?" मी म्हटलं, शिरोडा, गोव्याच्या बाजूला. तो म्हणाला, तुमच्या वेंगुर्ल्याचा दिवा रात्री लांबून दिसतो. मग त्याने प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढून दाखवला. वहाणाचं नाव, लांबी, रुंदी, किती टन, खलाशी किती, कुठून, कुठे. मी तो दोनदा वाचला. त्याने तो पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवला, वर रबर लावला, आणि खलाशांना हाक मारली. भरतीला निघायचं होतं.