दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा पावतीवर मिटत नाही

फौजदारी न्यायालयात वकिली करताना दर जानेवारीत एक दृश्य मला हमखास दिसते. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टाबाहेरच्या बाकावर वडील आणि मुलगा शेजारी बसलेले असतात आणि दोघेही एकमेकांकडे पाहत नाहीत. तीन वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. मुलगा 31 डिसेंबरच्या रात्री नाकाबंदीत सापडला होता. वडिलांनी शर्टाच्या खिशातून श्वासातून दारू मोजणाऱ्या यंत्राची, घडी घातलेली अरुंद चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. तिच्यावर तारीख, वेळ, मुलाची वेडीवाकडी सही आणि मध्यभागी 86 हा रक्तातल्या मद्यार्काचा आकडा होता. अशा कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते, म्हणून मी आधी तिची झेरॉक्स काढून आणायला सांगितले. ते परत आले आणि म्हणाले, "मॅडम, दंड भरायची आमची तयारी आहे, मग पोलिसांनी तिथेच पावती का फाडली नाही?"

हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. सिग्नल तोडणे, हेल्मेट नसणे यांसारख्या गुन्ह्यांत तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवता येते. मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील, दारू किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली गाडी चालवण्याबद्दलचे कलम 185 मात्र तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही, त्यामुळे आरोपीला न्यायालयातच यावे लागते. 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गुन्हा जामीनपात्र असल्यामुळे बहुतेक जण त्याच रात्री घरी जातात आणि तेवढ्यावरून प्रकरण किरकोळ असल्याचा समज करून घेतात.

100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की गुन्हा घडतो. तुमचा हात स्थिर होता का, गाडी सरळ रेषेत चालली होती का, हे सिद्ध करण्याची गरज सरकारी पक्षाला राहत नाही. "दोन पेग चालतात" हे वाक्य मी सुशिक्षित माणसांकडूनही ऐकते. पण कायद्यात पेगचा उल्लेख कुठेही नाही, आणि तेवढीच दारू वजन, जेवण व गेलेला वेळ यांप्रमाणे प्रत्येकाच्या रक्तात वेगळा आकडा दाखवते.

अमली पदार्थांची गोष्ट निराळी आहे. तेथे 30 सारखी मर्यादा आखून दिलेली नसून, त्या पदार्थाच्या अमलामुळे वाहनावर योग्य नियंत्रण ठेवण्यास चालक असमर्थ होता का, हे पाहिले जाते. त्यामुळे डॉक्टरांनी तपासताना केलेल्या नोंदी, म्हणजे बाहुल्या, बोलणे, तोल, आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांना मोठे महत्त्व येते. शिवाय अमली पदार्थाच्या सेवनाचा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखालील गुन्हा स्वतंत्रपणे दाखल होऊ शकतो.

यंत्रात फुंकायला नकार दिला तर सुटका होते, हा आणखी एक घातक गैरसमज आहे. पोलिसांना दारूचा वाजवी संशय असेल तर नकारानंतर विनावॉरंट अटक करता येते, आणि सबळ कारणाशिवाय दिलेला नकार पुढे कलम 205 खाली आरोपीच्याच विरोधात जाऊ शकतो. त्याचबरोबर कायद्याने पोलिसांनाही बांधून ठेवले आहे. कलम 185 खाली अटक केलेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी झाली नाही, तर तिला कोठडीतून सोडावे लागते. घड्याळाला इतके महत्त्व असण्याचे कारण साधे आहे: रक्तातला मद्यार्क दर तासाला उतरत जातो आणि त्याबरोबर पुरावाही नाहीसा होतो. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेणाऱ्या अपघातानंतर रक्ताचे नमुनेच बदलल्याचा आरोप झाला, तेव्हा एका लहानशा कुपीवर अख्खा खटला कसा उभा असतो, हे सर्वांना दिसले.

पोलीस लायसन्स जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवू शकतात. सुनावणीनंतर तेथे पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता आणि दुसऱ्या वेळी परवाना रद्द, असे आदेश होऊ शकतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दावाही याच कारणाने फेटाळला जाऊ शकतो.

रस्त्यावर कोणी मरण पावले तर सगळेच बदलते. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर ॲलिस्टर परेरा याची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण ठार झाले आणि आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने हे निष्काळजीपणाचे कृत्य मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध धरून ती तीन वर्षांवर नेली आणि जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दारू पिऊन बेदरकारपणे गाडी हाकणाऱ्याला आपल्या हातून जीव जाण्याचा संभव आहे याची जाणीव असते, असे कायदा मानू शकतो, हा त्या निकालाचा गाभा आहे. शिक्षा अपुरी आहे, परंतु राज्याने ती वाढवण्यासाठी अपील केलेले नाही, असेही न्यायालयाने नोंदवले. ते वाचताना मला आजही त्या सात माणसांसाठी वाईट वाटते. आज भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाच्या मृत्यूसाठी (कलम 106) पाच वर्षांपर्यंत कैद असून तो गुन्हा जामीनपात्र आहे. सदोष मनुष्यवध (कलम 105) अजामीनपात्र आहे. वृत्तपत्रे अशा चालकांना "तळीराम" म्हणतात, तेव्हा त्या शब्दाचा हलकेपणा मला बोचतो.

त्या मुलाने माझ्याशी बोलून, विचार करून गुन्हा कबूल केला. दंडाधिकाऱ्यांनी 10,000 रुपये दंड आणि न्यायालय उठेपर्यंतची साधी कैद दिली. सकाळी साडेअकरापासून संध्याकाळपर्यंत तो शिपायाच्या नजरेसमोर मागच्या बाकावर बसून होता. वडिलांनी दुपारी डबा आणला होता; तो उघडलाच गेला नाही.