आजोबांचं धोतर आणि सकाळचं ऊन

आज सकाळी सोलापुरात पूर्व भागात दहा दिवसांच्या बाळाचे फोटो काढायला गेलो होतो. फ्लॅश, लाइट सगळं गाडीतच ठेवलं. खोली लहान, पण पूर्वेला मोठी खिडकी. साडेआठलाच ऊन थेट पलंगावर! एवढ्या कडक उन्हात बाळ डोळे मिटून घेतं, सावल्याही काळ्याकुट्ट पडतात. खिडकीला लावायला पातळ पांढरं काही आहे का विचारलं, तर आजोबांनी धुतलेलं धोतर आणून दिलं. ते बांधलं आणि खोलीभर दुधासारखा उजेड पसरला.

भिंती मात्र पोपटी. तो रंग बाळाच्या गालावर उतरायला लागला. मग बाळंतिणीच्या बहिणीला भिंतीच्या बाजूला पांढरा टॉवेल धरून उभं केलं (टॉवेलला आपल्या गावात काय तोटा!). बाळाचं डोकं खिडकीकडे, जरा तिरकं ठेवलं. उजेड कपाळावरून हनुवटीकडे उतरायला हवा. पायाकडून आला की नाकाची सावली वर चढते आणि चेहरा विचित्र दिसतो.

कॅमेऱ्यात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८००, शटर १/२०० सेकंद. बस्स.

बाळंतीण म्हणाली, "दादा, माझा नको, डोळे बघा किती सुजलेत." मी म्हटलं, "ताई, फक्त बाळाकडं बघा." बाळाने तिचं बोट घट्ट धरलं. कानावरची बारीक लव उजेडात सोनेरी दिसत होती. तो फोटो दाखवला तेव्हा ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही. आजी मात्र लगेच तीट लावायला धावल्या.