बुटीबोरी ते डॉर्टमुंड: चान्सेनकार्टचा माझा अनुभव

जर्मनीचा जुना जॉब सीकर व्हिसा आता मिळत नाही. त्याच्या जागी १ जून २०२४ पासून चान्सेनकार्ट आलं. हातात नोकरी नसताना तिथे जायचं, एक वर्षापर्यंत नोकरी शोधायची, शोधता शोधता आठवड्याला २० तासांपर्यंत दुसरं काम करायचं, आणि एखाद्या कंपनीला वाटलं तर तिथे दोन आठवडे चाचणी म्हणून काम करून दाखवायचं, इतकी मुभा त्यात असते. मी २०२५ मध्ये याच मार्गाने गेले. नागपूर विद्यापीठाची इलेक्ट्रिकलची पदवी आणि बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सबस्टेशन सांभाळण्याचा पाच वर्षांहून थोडा जास्त अनुभव, एवढंच माझ्याजवळ होतं. नागपुरातून अनेक मुलं-मुली याबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीलाच एका कन्सल्टन्सीत जाऊन आले होते. त्यांनी अडीच लाख सांगितले आणि म्हणाले, 'इंग्रजी चांगलं आहे ना? मग जर्मनची गरज नाही.' कागदावर ते खरं आहे. जर्मन ए-वन किंवा इंग्रजी बी-टू, यातलं एक असलं की अर्ज करता येतो. (भाषेच्या पातळ्या खालून वर अशा: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन.) पण घरी येऊन मी जर्मन सरकारच्या रोजगार विभागाच्या साइटवर माझ्या कामाच्या जाहिराती उघडल्या आणि भाषांतर करून वाचल्या. जवळपास प्रत्येकीत चांगलं जर्मन मागितलेलं. साहजिक आहे. पॅनेलसमोर उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला 'लाइन बंद केलीस का' हे विचारायचं असतं, आणि तो ते जर्मनमध्येच विचारणार. त्या दिवशी दोन गोष्टी ठरल्या: कन्सल्टन्सी नको, आणि आधी भाषा.

अर्जाला दोन वाटा आहेत. तुमची पदवी जर्मन पदवीच्या तोडीची मानली गेली, तर तुम्ही कुशल कामगार ठरता आणि गुण मोजायची गरजच उरत नाही. तसं नसेल तर किमान सहा गुण लागतात. पस्तिशीच्या आत असाल तर दोन. गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा संबंधित अनुभव असेल तर तीन, गेल्या पाचांत दोन वर्षांचा असेल तर दोन. जर्मन ए-टू ला एक, बी-वन ला दोन, बी-टू ला तीन. इंग्रजी सी-वन असेल तर आणखी एक. टंचाई असलेल्या व्यवसायाला एक. ज्यांची पदवी किंवा किमान दोन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण भारतात मान्यताप्राप्त आहे, त्यांना ही गुणांची वाट मोकळी आहे. त्यामुळे पॉलिटेक्निकवाल्यांनी आपण यात बसत नाही असं आधीच धरून चालू नये.

माझे गुण सहाच्या वर जात होते, तरी मी पहिली वाट धरली. अनाबिन नावाचा परदेशी विद्यापीठांचा आणि पदव्यांचा जर्मन डेटाबेस सगळ्यांसाठी खुला आहे. त्यात विद्यापीठासमोर एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, असं दिसलं पाहिजे आणि पदवीही तुल्य म्हणून नोंदलेली पाहिजे. विद्यापीठाची नोंद मिळाली, पण माझ्या शाखेची पदवी नेमक्या त्या नावाने सापडेना. अशा वेळी बॉनच्या झेडएबी या कार्यालयाकडून तुल्यता प्रमाणपत्र मागवता येतं. त्याची फी मी भरली तेव्हा २०८ युरो होती. सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र स्कॅन करून पाठवायचं, मूळ कागद कुठेही द्यावा लागत नाही. हे प्रमाणपत्र पुढे नोकरीच्या मुलाखतीतही चाललं, कारण ते वाचल्यावर समोरच्याला आपल्या बी.ई.बद्दल काही समजावून सांगावं लागत नाही.

भाषेचा क्लास धरमपेठेत होता. बुटीबोरीहून कंपनीची बस वर्धा रोडच्या गर्दीतून येईपर्यंत अंधार पडायचा, मग तिथून थेट क्लास. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला आणि वर्गातला कूलर नुसता आवाज करायचा. तरी ते महिने मला आवडले. गोएथे इन्स्टिट्यूटची बी-वन परीक्षा मी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात दिली. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे तिचे चार भाग, प्रत्येकात ६० टक्के हवेत. राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो, म्हणून एका भागाच्या धास्तीने परीक्षा पुढे ढकलत बसू नका.

सगळ्यात अवघड काम होतं ब्लॉक्ड अकाउंटचं, म्हणजे तिथे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्याचं. २०२५ मध्ये चान्सेनकार्टसाठी महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो आधीच दाखवावे लागत होते. रुपयांत तेरा लाखांच्या आसपास. माझी बचत त्याला पुरत नव्हती. बाबा वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स), उमरेडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या एफडीला हात लावायचा म्हणजे घरात बैठक झालीच पाहिजे.

'अन् नोकरी नाही भेटली तं? पैसे तिकडेच राह्यतीन का?'

'नाही बाबा. खातं माझ्याच नावावर असतं. दर महिन्याला ठरलेली रक्कम सुटते, त्यात मी राहायचं. व्हिसा नाकारला तर खात्याची फी वगळून परत येतात. नोकरी लागली तर उरलेले मोकळे होतात.'

'म्हणजे नोकरी नाही लागली तं तू वर्षभर खाल्ले तेवढेच गेले.'

'तेवढेच.'

त्यांनी खोलीचं भाडं, विमा, किराणा, प्रवास असा सगळा हिशेब वहीत मांडायला लावला. मग म्हणाले, 'ते तं कोळसा बंद करून राहिले ना? मंग वीज कुठून आणतीन?' आयुष्य कोळशात गेलेल्या माणसाचा प्रश्न होता, मी त्याचं उत्तर नीट शोधलं. जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण, रूर भागातल्या बोट्रॉपची, डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. कोळशावरची वीजनिर्मिती उशिरात उशिरा २०३८ पर्यंत थांबवायची असा २०२० चा कायदा आहे. वारा उत्तरेकडे आणि बरेचसे मोठे कारखाने पश्चिमेला नि दक्षिणेला, म्हणून नव्या वाहिन्या, नवी सबस्टेशनं आणि ती चालवणारी माणसं लागतात. बाबांना सांगितलेलं हे उत्तरच पुढे माझ्या अर्जपत्राचा पहिला परिच्छेद झालं, आणि कुठे अर्ज करायचे हेही त्यातूनच ठरलं: रूर. डॉर्टमुंड त्याच भागात आहे.

पैसे पाठवताना एक बाब लक्षात ठेवा. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर परदेशी पाठवलेल्या रकमेवर अशा कारणासाठी २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो आयकर, कापला जातो. वरच्या तीन लाखांवर साठ हजारांच्या आसपास होतात. हा कर आपल्याच नावे जमा असतो, रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो, पण पाठवण्याच्या दिवशी तो खात्यात असावाच लागतो.

व्हिसाचा अर्ज स्वतः सोपा आहे. जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर कागद चढवायचे, त्यांनी तपासले की पासपोर्ट आणि बोटांचे ठसे द्यायला मुंबई. रात्रीची दुरांतो पकडली, सकाळी मुंबईत. फी ७५ युरोंच्या बरोबरीची. हेतुपत्र मात्र मी खूप मन लावून लिहिलं. त्यात कोणत्या प्रकारच्या कंपन्या, कोणती पदं, नोकरी न मिळाल्यास काय करणार, हे सरळ मांडलं.

निघण्याआधी केलेल्या एका कामाचा सगळ्यात जास्त फायदा झाला. आपल्याकडे अनुभवपत्र म्हणजे 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले, वर्तणूक चांगली' एवढंच. जर्मन कंपनीला तुम्ही हातांनी काय केलंत ते वाचायचं असतं. मी आमच्या मेंटेनन्सच्या साहेबांसोबत बसून तपशील लिहून घेतला: ३३ केव्ही सबस्टेशनची देखभाल, रिले टेस्टिंग, ट्रान्सफॉर्मर ऑइलची तपासणी, शटडाउनचं नियोजन, हाताखाली किती माणसं. एचआरने ते लेटरहेडवर सही-शिक्क्यासह दिलं आणि मी त्याचं जर्मन भाषांतर करून घेतलं. राजीनामा दिल्यावर हे मागणं कठीण जातं, नोकरीत असतानाच मागा.

डॉर्टमुंडला पोचल्यावर पहिला अडसर घराचा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि त्यासाठी घरमालकाची लेखी पुष्टी लागते. थोड्या दिवसांसाठी खोली देणारे बरेच जण ती देत नाहीत. मी नागपुरातूनच प्रत्येकाला आधी हे विचारून मग खोली घेतली होती, म्हणून बँक, विमा, करक्रमांक सगळं वेळेत झालं.

वर्षाचं घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही. मी अर्ज नागपुरातूनच सुरू केले होते, तरी पहिले काही महिने नकारांचेच गेले. नकार सभ्य असतात, कारण देत नाहीत. एका बेकरीत अर्धवेळ काम धरलं. पैशांपेक्षा तिथल्या बोलण्याची मदत जास्त झाली, फोनवर मुलाखत देताना जीभ अडखळेनाशी झाली. मग स्विचगिअर बसवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीने चाचणीसाठी बोलावलं. तिथे जुन्या पॅनेलची चूक शोधायला दिली. आकृतीवरची चिन्हं ओळखीची, मशीन ओळखीचं, फक्त आजूबाजूची माणसं नवी. चाचणी संपायच्या आत त्यांनी कराराबद्दल विचारलं.

करार हातात आल्यावर चान्सेनकार्टवरून ब्लू कार्डवर, म्हणजे ठरावीक पगाराच्या नोकरीवर मिळणाऱ्या पदवीधरांच्या परवान्यावर, जाता येतं, त्यासाठी भारतात परतावं लागत नाही. इंजिनिअरिंग टंचाईच्या यादीत असल्याने २०२६ ची पगाराची कमी मर्यादा, वर्षाला ४५,९३४.२० युरो, मला लागू झाली. परवाना मिळाल्यावर ब्लॉक्ड खात्यातले उरलेले पैसे सुटले आणि बाबांच्या एफडीचा वाटा मी आधी परत केला. आता ब्लू कार्डवर कायम वास्तव्याचा परवाना ए-वन जर्मन असेल तर २७ महिन्यांनी मागता येतो आणि बी-वन असेल तर २१ महिन्यांनी. धरमपेठेतल्या क्लासमध्ये कमावलेलं प्रमाणपत्र तेव्हा पुन्हा एकदा फाइलला जोडायचं आहे. तोवर संध्याकाळी बी-टू चा वर्ग सुरू केला आहे.