आमची वाटचाल: आधी माप, मग सॅक

पुण्यात धायरीच्या आमच्या कारखान्यात सॅक घ्यायला कुणी आलं की आम्ही त्याला आधी मान खाली घालून उभं राहायला सांगतो. मान वाकवली की तिच्या मुळाशी एक हाड वर येतं, तो मानेचा सातवा मणका. दोन्ही हात कमरेवर ठेवले की बोटांना कमरेच्या हाडाची वरची कड लागते. मणक्यापासून त्या कडेच्या रेषेपर्यंत टेप धरायची, ते पाठीचं माप. उंचीवरून ते कळत नाही. साडेपाच फुटांच्या दोघांत एकाची पाठ आखूड आणि पाय लांब, तर दुसऱ्याचं नेमकं उलट असू शकतं. हे माप वहीत उतरल्याशिवाय आम्ही सॅक दाखवायला काढत नाही. ही रीत माझ्या मावशीची, आणि तिची सुरुवात राजगड-तोरण्याच्या धारेवर झाली.

मावशीचं ब्लाऊज शिवायचं छोटं दुकान होतं. २००९ च्या डिसेंबरात आम्ही दोघी पहिल्यांदाच पाठीवर बिऱ्हाड घेऊन निघालो. सिंहगड पायांखालचा होता, पण मुक्कामाचं ओझं आम्ही कधी उचललं नव्हतं. सॅक ओळखीत मागून आणलेल्या, दोन्ही पुरुषांच्या मापाच्या. कंबरपट्टे मांड्यांवर लोंबायला लागले, म्हणून मावशीने ते मागे नेऊन गाठ मारून टाकले. सॅक भरल्याही बाजारच्या पिशवीसारख्या: स्टोव्ह, भांडी, तांदूळ तळाशी, पांघरुणं वर आणि पाण्याच्या बाटल्या बाहेरच्या खिशांत.

गुंजवण्यातून चोर दरवाज्याने राजगडाच्या पद्मावती माचीवर पोचेपर्यंत खांदे भरून आले होते. तरी ती चढण होती. चढताना माणूस तसाही पुढे झुकलेला असतो, त्यामुळे मागची ओढ तितकी जाणवत नाही. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी झाली. पद्मावतीच्या देवळातून पहाटे निघालो. पुढच्या धारेवर पाण्याचा भरवसा नाही, म्हणून माणशी चार लिटर पाणी भरून घेतलं होतं, म्हणजे चार किलो वाढले, तेही पाठीपासून लांब. संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने खाली उतरायला लागलो आणि सॅक मागे खेचायला लागली. तिला तोलायला आम्ही पुढे झुकायचो, आणि उतारावर पुढे झुकलं की घसाऱ्यावर पाय ठरत नाही. वळताना बाटल्यांचं वजन झोका घ्यायचं. धार सपाट झाली तिथे मावशी खाली बसली, सॅक समोर ओढली आणि शिवणी बघायला लागली. मग म्हणाली, "अगं, हे माप न घेता बेतलंय. तुझ्या पाठीपेक्षा सॅकची पाठ चांगली चार बोटं लांब आहे."

तिच्या बटव्यात सुई आणि जाड दोरा कायम असायचा. खांद्याचे पट्टे सॅकच्या पाठीला जिथे जोडलेले होते तिथून चार बोटं खाली तिने ते दुहेरी दोऱ्याने टाचले आणि वरून ओढणीच्या पट्ट्या आवळून बांधल्या. त्याने सॅक पाठीवर तेवढीच वर चढली. कंबरपट्ट्याच्या गाठी सोडल्या, आता तो बरोबर कमरेच्या हाडावर बसला. सगळं सामान उपसून पुन्हा भरलं: पांघरुणं तळाशी, पाणी आणि भांडी पाठीला चिकटून, दोन खांद्यांच्या मधोमध. वजन तेच, पण ते खांद्यांवरून कमरेवर उतरलं आणि कंबर ते पायांवर सोडते. तोरण्याच्या बुधला माचीच्या शिडीवर दोन्ही हात मोकळे होते, पाठीमागून कुणी ओढत नव्हतं. मेंगाईच्या देवळात टेकून अंधार पडायच्या आत आम्ही वेल्ह्यात उतरलो.

घरी आल्यावर मावशीने ती सॅक विकत घेऊन टाकली आणि पूर्ण उसवली. ब्राऊन पेपरवर खाका काढला, माझं माप घेऊन नवी बेतली. बायकांच्या सॅकमध्ये नुसती लांबी कमी करून भागत नाही हे तिला लगेच दिसलं. सरळ पट्टा छातीवर आणि काखेत काचतो, त्याला वळण लागतं. कंबरपट्टाही सरळ कापला तर वरच्या कडेने पोकळ राहतो, कारण कंबर खाली रुंद होत जाते. तिने पट्ट्याला ब्लाऊजसारखे टक्स घातले. आजही आमच्या पट्ट्याचा आकार त्या टक्सवरून आलेला आहे, आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

मैत्रिणींसाठी शिवता शिवता २०१२ मध्ये रीतसर धंदा सुरू झाला. कापड, बकलं, वेबिंग म्हणजे पट्ट्यांची जाड विणलेली पट्टी, सगळं रविवार पेठेतून यायचं. जोडावर ताण आला की साधी शिवण सुटते, तिथे एकाच जागी दाट टाके घालणारं बारटॅक मशीन लागतं. ते जुनं मिळालं, पण त्या मशीनमुळेच आम्ही पट्ट्याची हमी देऊ शकलो.

कापडाने मात्र बराच काळ शिकवलं. नायलॉनला आतून पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेन या प्लास्टिकचा थर असतो, तो पाणी अडवतो. पण दमट हवेत हा थर हळूहळू विघटित होतो. आधी चिकट होतो, वास येतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. सह्याद्रीत पावसाळाभर वापरून ओलसर सॅक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकली की हे लवकर होतं. आमच्या सुरुवातीच्या सॅक अशाच परत यायला लागल्या. आम्ही त्यांचं अस्तर बदलून दिलं, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक सॅकबरोबर तोंडी सांगतो: सावलीत खडखडीत वाळवा, उघडी टांगून ठेवा, आणि पावसात कव्हरवर विसंबू नका, आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला. कव्हर वरचं पाणी अडवतं, पाठीवरून ओघळणारं नाही.

२०२० मध्ये गडवाटा बंद झाल्या, तेव्हा मास्क शिवून दिवस काढले. कामावरच्या सगळ्या बायका टिकल्या.

माप आम्ही कुणाचंही घेतो, सॅक दुसरीकडची असली तरी. पट्टे सारून बसत असेल तर बसवून देतो. नवी घ्यायची गरज नसेल तर तसं सांगतो.

सध्या दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी वाढत्या पाठीची सॅक करतोय. पट्ट्यांची जोड वर-खाली सरकवता येते, म्हणजे दरवर्षी नवी घ्यावी लागणार नाही. मावशीचा याला विरोध आहे. तिच्या मते त्या वयात मुक्कामाचं ओझं मोठ्यांनीच वाहावं, मुलांकडे पाणी आणि खाऊ पुरे. माझं म्हणणं, मुलं दप्तर तर रोज वाहतातच, निदान गडावर तरी कमरेवर वजन घ्यायला शिकतील. आकार लहान ठेवावा, म्हणजे कुणी जास्त भरूच शकणार नाही, इथवर आमचं जुळलंय. किती लहान, यावर अजून वाद सुरू आहे.