डॉकयार्डची बस आणि दयेचा अर्ज

आईला फोनवर बर्म्युडा सांगायचं म्हणजे समुद्र, गुलाबी बस आणि अर्धी चड्डी व गुडघ्यापर्यंत मोजे घालून ऑफिसला येणारे साहेब. (यावर ती अजून विश्वास ठेवत नाही.) या गुलाबी बसचा शेवटचा थांबा डॉकयार्ड. क्रूझवरची मंडळी तिथे उतरून आइस्क्रीम खातात. जवळच केसमेट्स नावाची दगडी इमारत आहे. आधी सैन्याची बराक, मग तुरुंग. माझं लक्षही गेलं नव्हतं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "त्या दोघांना तिथंच फाशी दिली."

10 मार्च 1973. ब्रिटिश अमलाखालच्या या बेटाचे गव्हर्नर रिचर्ड शार्पल्स रात्री बंगल्याच्या बागेत फिरत होते. त्यांना, त्यांच्या एडीसी (लष्करी मदतनीस) ह्यू सेयर्सना आणि सोबतच्या ग्रेट डेन कुत्र्यालाही गोळ्या घातल्या. पोलीस कमिशनर त्याआधी सहा महिने मारला गेला होता. आजींच्या 'त्या दोघां'पैकी अर्स्किन बरोज या खुनांत दोषी ठरला. लॅरी टॅकलिन मात्र गव्हर्नरच्या खुनातून सुटला आणि एका सुपरमार्केटमधल्या दोन खुनांसाठी फासावर गेला.

खरी गोम पुढे आहे. इंग्लंडमध्ये शेवटची फाशी 1964 साली झाली. खुनाला फाशी तिथे 1969 मध्ये कायमची बंद. पण बर्म्युडाच्या कायद्यात ती होती. हजारो लोकांनी दयेच्या अर्जावर सह्या केल्या. आपल्याकडे असा अर्ज राष्ट्रपतींकडे जातो. इथे दयेचा अधिकार गव्हर्नरच्या हातात, आणि शेवटची आशा लंडनला, राणीकडे. राणी चालणार परराष्ट्रमंत्र्यांच्या सल्ल्यानं. मंत्री डेव्हिड ओवेन. त्यांनी हस्तक्षेपाचा सल्ला दिला नाही. स्वतःच्या घरातला फास काढून टाकलेल्या सरकारनं बेटावरचा तसाच राहू दिला, हे मला काही केल्या पटत नाही.

2 डिसेंबर 1977 ला दोघांना फाशी झाली. ब्रिटिश अमलाखाली कुठेही दिलेली ती शेवटची फाशी. राजधानी हॅमिल्टनमध्ये जाळपोळ, संचारबंदी, बाहेरून आणलेलं सैन्य. एका हॉटेलच्या आगीत तीन माणसं गेली. आजी सांगतात, आकाश लाल दिसत होतं आणि त्यांच्या आईनं दिवे घालवून सगळ्यांना मागच्या खोलीत बसवलं होतं.

1991 मध्ये लंडननं केमन बेटांसकट पाच कॅरिबियन वसाहतींमधली खुनाची फाशी थेट आदेश काढून रद्द केली. बर्म्युडा त्या यादीत नव्हता. इथे 1990 मध्ये सार्वमत झालं होतं. बहुतेक लोक मतदानाला फिरकलेच नाहीत, आणि जे गेले त्यांनी मोठ्या बहुमतानं 'फाशी ठेवा' म्हटलं. ती गेली 1999 साली, इथल्याच संसदेच्या कायद्यानं.

मी आजींना विचारलं, तुम्ही काय मत दिलंत?

"ठेवा म्हणून."

मग 77 साली?

"तेव्हा अर्जावर सही केली होती. आमच्या गल्लीत पहिली माझीच," म्हणाल्या, आणि चहाला दूध हवं का ते विचारलं.