रिपोर्ट नॉर्मल, तरी कान वाजतोच

कानात सतत आवाज येतो, म्हणजे कर्णनाद आहे, आणि ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, मात्र स्वच्छ निघतो, अशा माणसांसाठी हे लिहितो आहे. मी त्यातलाच एक. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावात राहतो, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि कॉलेजात होतो तेव्हापासून भजन मंडळात झांज वाजवतो. डबलबारी, म्हणजे दोन भजन मंडळांचा समोरासमोरचा सामना, ज्यांनी जवळून ऐकली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. छोटा मंडप, दोन्ही अंगांना स्पीकर, गजर चढला की पखवाज आणि झांज एकमेकांना खेचत नेतात, आणि हे पहाटेपर्यंत.

चतुर्थीच्या दिवसांतल्या अशाच एका बारीनंतर दोन्ही कानांत उंच पट्टीतला एक बारीक, अखंड सूर राहिला तो राहिलाच. वर्गात मुलांच्या गलक्यात तो जाणवायचा नाही. रात्री दिवा मालवला की तेवढाच उरायचा. झोप उडाली. आई म्हणाली, "तेल कढवून घालतंय, गप आडवो पड." आमच्या मंडळाचे बुवा म्हणाले, "मास्तरानू, आपसूक जातलो तो." दोघांचीही माया खरी होती. पण कानात तेल घालू नका, हे मी इथे स्पष्टच सांगतो. पडदा शाबूत आहे की नाही हे तपासल्याशिवाय तर नाहीच.

जवळच्या शहरातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कान तपासले. मळ नाही, पडदा ठीक. ऑडिओमेट्री झाली, सगळ्या खुणा २५ डेसिबलच्या आत. "रिपोर्ट नॉर्मल आहे, लक्ष देऊ नका," एवढं सांगून त्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. लक्ष न देणं हाताशी असतं तर मी गेलोच नसतो. त्या रात्रीपासून मी वाचायला लागलो. विज्ञानाचा शिक्षक असल्याचा तेवढा उपयोग झाला.

पहिली गोष्ट कळली ती ऑडिओग्रामबद्दल. नेहमीची चाचणी २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच होते आणि शांत खोलीत किती हळू आवाज ऐकू येतो एवढंच मोजते. तेवढं ऐकायला सगळे चेतातंतू धड असावे लागत नाहीत, थोडे पुरतात. २००९ साली अमेरिकेत शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. त्यांचे कान काही काळ मंदावले आणि दोनेक आठवड्यांत पूर्ववत झाले. कॉक्लियातल्या, म्हणजे आतल्या कानाच्या शंखातल्या, आवाज टिपणाऱ्या केशपेशीही जागच्या जागी होत्या. पण त्या पेशी आणि श्रवणनाडीचे तंतू यांना जोडणारे सांधे, म्हणजे सिनॅप्स, उंच पट्टीच्या भागात जवळजवळ निम्मे कायमचे गेले होते. हे वाचून मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. बारीच्या दुसऱ्या दिवशी कान दडे बसल्यासारखे होतात, संध्याकाळपर्यंत सुटतात, आणि आम्ही सगळे म्हणतो, झालं, बरे झाले.

पण तंतू गेले तर आवाज कमी व्हायला हवा. हा वरचा सूर कुठून येतो? इथे संशोधन कानातून मेंदूत शिरतं. २०११ साली रोलंड शाएटे आणि डेव्हिड मॅकअल्पाइन यांनी लंडनमध्ये माझ्यासारखीच माणसं तपासली: कर्णनाद आहे, ऑडिओग्राम नॉर्मल आहे. आवाज ऐकवून श्रवणमार्गातल्या विद्युतलहरी मोजल्या, तेव्हा श्रवणनाडीतून निघणारी पहिली लहर लहान भरली, पण वर मेंदूच्या खोडातली पाचवी लहर इतरांइतकीच होती. म्हणजे खालून कमी येतंय आणि मेंदू वाटेत ते वाढवून घेतोय. याला ते गेन म्हणतात, आणि आम्हा भजनवाल्यांना तो शब्द समजावून सांगावा लागत नाही: माइकवर कोणी बोलत नसताना मिक्सरचा गेन चढवून ठेवला की स्पीकरमधून नुसती सळसळ येते. श्रवणनाडी शस्त्रक्रियेत कापली गेली तरी अनेकांचा कर्णनाद सुरूच राहतो, हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. आवाज फक्त कानात असता तर तो तिथेच थांबला असता.

कोकणकन्येने मुंबईला जाऊन एका ऑडिओलॉजिस्ट बाईंना दाखवलं. त्यांनी घाई केली नाही. ८००० हर्ट्झच्या वरचीही चाचणी घेतली आणि तिथे माझा आलेख सरळ खाली उतरला. कागदावर ती उतरण पाहून मला रडू आलं. नुकसान झालंय याचं वाईट वाटलं, पण मी कल्पनेने काही ऐकत नाही याचा पुरावा पहिल्यांदा हातात आला होता. माझ्या कानातले सिनॅप्स किती गेले हे नेमकं सांगणारी चाचणी दवाखान्यात अजून नाही, हेही त्यांनी लगेच सांगितलं. मला ते आवडलं.

मग त्यांनी माझ्या सुराशी जुळणारा सूर यंत्रावर शोधला. पट्टी सापडली ती बरीच उंच. मोठेपणा मात्र मला जेमतेम ऐकू येणाऱ्या पातळीच्या किंचितच वर होता. एवढ्याशा आवाजाने माझी झोप नेली? बाई म्हणाल्या, बहुतेकांचं असंच असतं. त्रास किती होईल हे आवाजाच्या मोठेपणावर ठरत नाही. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तर त्यांतल्या ९४ टक्क्यांना काही ना काही आवाज ऐकू आला. म्हणजे असा आवाज बहुतेक सगळ्यांच्या आत असतो. मेंदू तो बिनमहत्त्वाचा ठरवून गाळतो की धोक्याची खूण म्हणून धरून ठेवतो, यावर पुढचं सगळं ठरतं. पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० साली भावना आणि भीती सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांशी याची सांगड घातली. उपचारांची एक मोठी शाखा तिथूनच निघाली.

दातावर दात दाबले की माझा सूर बदलतो, हे मी बिचकतच विचारलं. त्या हसल्या नाहीत. जबडा आणि मान यांच्याकडून येणारे चेतातंतू मेंदूच्या खोडात श्रवणाच्या पहिल्याच थांब्यावर येऊन मिळतात. मिशिगन विद्यापीठातल्या सुसान शोर यांनी याच ठिकाणच्या पेशींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. आवाज आणि मानेवर किंवा गालावर सौम्य विद्युतस्पंदन, दोन्ही ठरावीक अंतराने देऊन त्या पेशींची अतिचपळता उतरवता येते का, याच्या चाचण्या त्यांनी माणसांवरही केल्या आहेत. जिभेवर स्पंदन देणाऱ्या लेनिअर या आयरिश उपकरणाला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. कर्णनादावर मान्यताप्राप्त औषध मात्र एकही नाही. गिंको या झाडाच्या पानांचा अर्क घेऊ नका, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना २०१४ पासून सांगतात.

माझा उपचार यापेक्षा फार साधा होता. खोली पूर्ण शांत ठेवायची नाही, पण दुसऱ्या आवाजाने कर्णनाद बुडवायचाही नाही. दोन्ही एकत्र ऐकू येतील इतकाच आवाज हवा. आमच्याकडे समुद्र आहेच, खिडकी उघडी ठेवली की झालं. सोबत फोनवरून समुपदेशन, सीबीटी पद्धतीचं, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारं. 'हा वाढतच जाणार', 'मी बहिरा होणार' असे विचार लिहून काढायचे आणि एकेक तपासायचे. या पद्धतीने आवाज उतरत नाही, त्याचा जाच उतरतो, आणि तेवढ्यासाठी तिचा पुरावा भक्कम आहे. काही महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा माझा सूर तसाच होता. मी मात्र झोपत होतो.

आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांबरोबर येत असेल किंवा अचानक ऐकू येणं कमी झालं असेल, तर वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या दोनेक आठवड्यांत सगळ्यात जास्त असते.

आमच्या मंडळात झांजेवर आता नववी-दहावीची पोरं आहेत. त्यांना उंदरांचा तो प्रयोग फळ्यावर काढून दाखवला. वादकांसाठी मिळतात ते, सगळे सूर सारखे उतरवणारे इअरप्लग मुलांसाठी मागवले. ताल सुटेल अशी बुवांना धास्ती होती, म्हणून त्यांनी स्वतः घालून एक गजर म्हटला आणि मग होकार दिला. स्पीकर मुलांच्या पाठीमागून हलवून मंडपाच्या तोंडाशी नेले आहेत. आवाज एकंदरीतच किती ठेवायचा, यावर साऊंडवाल्याशी बोलणं अजून चालू आहे.